टॉवेलखालचे हात

आमच्या बाजारात बैलाची किंमत तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, हेडी मधे येतो, गळ्यातला टॉवेल हातावर टाकतो आणि टॉवेलखाली एकमेकांची बोटं दाबून बोलणं होतं. भोवती दहा माणसं उभी असली तरी त्यांना काही कळत नाही. हेडी म्हणजे जनावरांचा सौदा जमवून देणारा. माझे वडील हेडी होते, मीही आहे. कुंडलजवळ आमचा ऊस आहे आणि घर त्यावरच चालतं, पण चार तालुक्यांत आम्हाला लोक ओळखतात ते या टॉवेलमुळं.

हे आधी सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात, पण आमच्या घरात तो शब्द कुणाला जमत नाही, म्हणून आम्हीही ऑटिझमच म्हणतो. ती साडेचार वर्षांची होती तेव्हा आम्हाला हे कळलं. 'आम्हाला' म्हणजे मला. तिच्या आईला ती दीड वर्षाची असतानाच शंका आली होती आणि तिनं ती मला स्पष्ट शब्दांत सांगितलीही होती. मधली जी वर्षं गेली ती डॉक्टर लांब होते म्हणून गेली नाहीत, गरिबीमुळं गेली नाहीत. ती माझ्यामुळं गेली. कशी गेली ते लिहून ठेवतो आहे.

ती जन्मली आणि थोड्याच महिन्यांत कोरोनानं सगळं बंद झालं. बाजार बंद, यात्रा बंद, पाहुणेरावळे बंद. घरात आबा म्हणजे माझे वडील, आई, आम्ही दोघं आणि ही एकटी. चार मोठी माणसं आणि एक लेकरू. तिला तहान लागायच्या आधी कुणीतरी पाण्याचा पेला पुढं करत होतं. ती रडायची कमी. कडेवरून खाली ठेवली तर जिथं ठेवली तिथं बसायची. आबांच्या जुन्या बैलांची घुंगरमाळ होती, तिचे सुटे घुंगरू ती ओसरीवर ओळीनं मांडायची, मोडायची, परत मांडायची. गल्लीतल्या बायका माझ्या आईला म्हणायच्या, "काय गुणाची पोर हाय वो तुमची, आवाज म्हणून न्हाई." आईला बरं वाटायचं. मलाही. मुलगा असता तर कदाचित कुणीतरी म्हणालं असतं, की हा असा गप्प का. मुलगी गप्प असली की तिला गुणाची म्हणतात, आणि आम्हीही तेच म्हणत राहिलो.

एक दिवस दुपारी मी ओसरीवर बसलो होतो. ती आली, माझं मनगट धरलं आणि ओढायला लागली. मी उठलो. तिनं मला स्वयंपाकघरात नेलं, फळीपाशी उभं केलं आणि माझा हात उचलून बिस्किटाच्या डब्याकडं ढकलला. मी डबा काढून दिला. ती बिस्कीट घेऊन निघून गेली.

आबा दारातून बघत होते. त्यांना हसू आवरेना.

"बघितलं का रं? तोंड उघडलं न्हाई आन् सौदा केला. हेड्याची नात हाय ती."

त्या दिवसापासून घरात हा खेळ सुरू झाला. आबा आपला टॉवेल तिच्या हातावर टाकायचे आणि टॉवेलखाली तिची बोटं दाबायचे. तिला ते फार आवडायचं. दुसऱ्या कशानं शांत होणार नाही इतकी ती त्या दाबानं शांत व्हायची, डोळे अर्धे मिटून उभी राहायची. आबा गंभीर तोंड करून म्हणायचे, "न्हाई बया, एवढ्याला परवडत न्हाई, जरा वाढव." घरात हशा व्हायचा. बाजार पुन्हा सुरू झाले तेव्हा मी तिला मोटरसायकलवर पुढं बसवून बाजारात नेऊ लागलो. ओळखीचे हेडी जमायचे. ती त्यांच्यातल्या कुणाचाही हात धरायची आणि तिला जिकडं जायचं असेल तिकडं ओढायची. घुंगरांच्या दुकानाकडं, पाण्याच्या हौदाकडं.

"लय धीट हाय गड्या पोरगी," ते म्हणायचे. "तुज्यापेक्षा चांगली हेडी हुईल."

मी खुशीत घरी येऊन हे सांगायचो. माझी बायको वाईची, तिचे वडील शाळेत शिक्षक होते. ती ऐकून घ्यायची. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "ती कुणाचाही हात धरते, ते धीटपणानं नाही धरत. हात कुणाचा आहे हे ती बघतच नाही."

मी म्हणालो, "लहान आहे."

"लहान मूल आईचा हात आणि परक्याचा हात वेगळा धरतं. अहो, तिला माझा हात आणि त्या माणसांचे हात सारखेच वाटतात."

मला राग आला. मुलगी आपल्या वळणावर गेली म्हणून हिला बोचतंय, असं मला वाटलं. मी ते बोलूनही दाखवलं.

नावाचंही तसंच झालं. बायको म्हणायची, हाक मारली तर पोरगी वळत नाही. मी तिला ओसरीवर नेलं. आमची लेक पाठ करून घुंगरू मांडत बसली होती. मी हाक मारली. वळली नाही. पुन्हा मारली. मग मी हळूच घुंगरमाळ हलवली, तशी ती ताडकन वळली आणि धावत आली.

"बघ," मी म्हणालो. "कान एकदम चांगले आहेत."

"कान चांगले आहेत हेच तर मी म्हणते आहे," बायको म्हणाली. "मग नावाला का येत नाही?"

उत्तर नसलं की आमच्या घरात आबा बोलायचे.

"ह्यो तरी कवा बोलला? चौथं लागलं तवा पयला सबुद काढला ह्यानं. आन् सुरू झाला ते थांबलाच न्हाई, म्हणून तर हेडी झाला."

आई म्हणाली, "कोरोनातली पोरं समदी उशिराच बोलत्यात. माणसंच बघितली न्हाईत त्यांनी."

अशी सगळ्यांकडं कारणं होती, आणि सुटी सुटी बघितली तर सगळी पटण्यासारखी होती. मी खरंच उशिरा बोललो होतो. त्या वर्षांत मुलांनी माणसं खरंच कमी बघितली होती. बायको एकटी पडली. मग तिनं मोबाइलवर बघायला सुरुवात केली. लहान मुलांनी कधी काय करायला हवं, याचे व्हिडिओ ती दुपारी आवाज बारीक करून बघायची. मी ते पकडलं. हो, पकडलं हाच शब्द तेव्हा माझ्या डोक्यात होता. मी म्हणालो, या मोबाइलनंच पोरगी बिघडली. आणि तो मोबाइल कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. पोरीच्या भल्यासाठी, असं सगळ्यांना सांगितलं. पोरगी मोबाइल फारसा बघतच नव्हती. बायको मात्र रोज त्यावरून वाईला आईशी बोलायची. ते बंद झालं. पावसाळा संपेपर्यंत तो मोबाइल कपाटात होता. तिनं मागितला नाही आणि मी दिला नाही.

तरी तिनं हट्ट सोडला नाही. मुलगी अडीच वर्षांची झाली तेव्हा तिनं मलकापूरच्या एका बालरोगतज्ज्ञाचं नाव काढलं. कऱ्हाडच्या बाजूची माणसं त्यांच्याकडं डोळे झाकून जातात. मी तयार झालो, कारण एकदा डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं की काही नाही, म्हणजे घरातली कटकट मिटेल असा माझा हिशेब होता.

दवाखान्यात खूप गर्दी होती. आत गेलो. डॉक्टर वयस्कर, चांगले होते. बायको मुलीला मांडीवर घेऊन बसली, मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर. डॉक्टरांनी वजन बघितलं, छाती तपासली, आणि मग विचारलं, "काय त्रास आहे?"

बायकोनं तोंड उघडायच्या आधी मी म्हणालो, "त्रास काही नाही. हिच्या मनाची शांती म्हणून आलोय."

डॉक्टर हसले. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. शब्द किती बोलते? मी म्हणालो, बोलते की, मामा म्हणते, बाबा म्हणते. ती 'बाबाबा' असा आवाज करायची, तो भिंतीकडं बघूनही करायची. हाक मारली तर येते का? येते की, धावत येते. घुंगराचं मी सांगितलं नाही. इतर मुलांत खेळते का? बाजारात दहा माणसांत फिरते, डॉक्टर, भीती म्हणून नाही.

इथं मला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. बाजारात घेणारा बैलाभोवती फिरतो, दात बघतो, खूर बघतो, आणि विचारतो, "खोड काय हाय का?" देणारा कधीही हो म्हणत नाही. बैल मारका असो, मधेच बसणारा असो, उत्तर ठरलेलं असतं. "काय न्हाई, लेकरागत हाय." हे खोटं आहे असं तिथं कुणी मानत नाही. खोड शोधणं घेणाऱ्याचं काम. मी वयाच्या सोळाव्या वर्षापासून हे वाक्य बोलत आलो आहे. त्या दिवशी डॉक्टरांच्या समोर बसून मी तेच करत होतो. फरक एवढाच, की समोरचा माणूस माझ्याकडून काही घेणार नव्हता. तो आम्हाला काहीतरी देण्यासाठी बसला होता.

डॉक्टरांनी शेवटी विचारलं, "काही हवं असलं तर बोट करून दाखवते का?"

बायको म्हणाली, "नाही. ती—"

मी तिचा हात धरला. तिच्या पदराची कड आमच्या मधे खुर्चीवर पडली होती, पदराखाली तिचा हात होता. मी तो धरला आणि बोटं दाबली, बाजारात दाबतो तशी, 'आता बोलू नको' या अर्थानं. डॉक्टरांना ते दिसलं नाही. दिसू नये अशीच ती पद्धत आहे.

"हाताला धरून नेते डॉक्टर," मी म्हणालो. "जे पाहिजे त्यावर बरोबर माझा हात ठेवते. बोटानं दाखवायची गरजच नाही तिला."

बायको मुलीचा फ्रॉक नीट करायला लागली.

डॉक्टर म्हणाले की मग थोडं थांबून बघू, पण तीन महिन्यांनी परत घेऊन या, आणि बोलणं वाढलं नाही तर त्याआधी या. त्यांचा काही दोष नाही. बापानं सांगितलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला, आणि तरीही परत या म्हणाले. आम्ही परत गेलो नाही. घरी मी सगळ्यांना सांगितलं, डॉक्टर म्हणाले काही नाही.

येताना आम्ही कऱ्हाडच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो होतो. मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. बायको म्हणाली, "तुम्ही माझा हात का दाबलात?"

"दाबला नाही. धरला."

"धरणं आणि दाबणं मला कळतं," ती म्हणाली. पुढं पूर्ण रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती.

त्यानंतर दोन वर्षं गेली. जनावरांतल्या लम्पीच्या साथीत बाजार परत बंद पडले, परत उघडले. मुलगी अंगणवाडीत जायला लागली. कोपऱ्यात बसायची, कुणाला त्रास द्यायची नाही, म्हणून तिथूनही तक्रार आली नाही. कुकरची शिट्टी झाली की ती कान दाबून न्हाणीघरात पळायची. डोक्यावरून पाणी ओतलं की किंचाळायची. शब्द आले नाहीत. आबांनी म्हसवडच्या सिद्धनाथाला बोलून ठेवलं होतं, की नात बोलू दे, वाजतगाजत दर्शनाला आणतो. ती बोलली नव्हती तरी पाचवं सरायच्या आधी एकदा नेऊन आणू, असं ठरलं. यात्रेत जनावरांचा बाजार भरतो, माझं तिथं कामही होतं.

त्या दिवशीचं लिहायला मला सगळ्यात जड जातं आहे.

देवळाबाहेर गर्दी होती, ढोल वाजत होते, गुलाल उडत होता. बायको म्हणत होती, हिला सोसणार नाही, आपण मागं थांबू. मी ऐकलं नाही. ढोलाचा ताफा जवळ आला तशी मुलगी किंचाळली, आईच्या कडेवरून निसटली आणि मातीत पडली. डोकं आपटायला लागली. बायको तिच्यावर वाकून तिला धरायला बघत होती, तिचे केस सुटले होते, पदर मातीत लोळत होता. माणसांनी रिंगण केलं. कुणी म्हणालं देव आला अंगात, कुणी म्हणालं पाणी मारा तोंडावर. मी दहा पावलांवर उभा होतो. माझ्याबरोबर माण तालुक्यातलं एक बडं गिऱ्हाईक होतं, सकाळपासून आमचा सौदा चालला होता.

तो म्हणाला, "कुणाचं पोर हाय वो ते?"

मी म्हणालो, "असंल कुणाचं तरी."

आणि मी त्याला घेऊन बैलांच्या दावणीकडं वळलो.

बायकोनं ऐकलं की नाही हे मला तेव्हा कळलं नाही. ऐकलं होतं. मी अर्ध्या तासानं परत आलो तेव्हा आबा एकटेच देवळाच्या भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "सांगलीच्या गाडीला बसून गेली ती. पोरीला घेऊन."

सांगलीला तिचा भाऊ राहतो. मी फोन केला, तिनं उचलला नाही. चार-पाच दिवसांनी तिनंच केला. आवाज अगदी सरळ होता.

"उद्या सकाळी इथल्या डॉक्टरांकडं जायचं आहे. लहान मुलांच्या वाढीचं बघतात त्या. यायचं असेल तर या. आलात तर तिथं बोलायचं नाही."

मी गेलो.

त्या डॉक्टर मॅडम खुर्चीवर बसल्याच नाहीत. चटईवर बसून त्यांनी थोडी खेळणी पसरली आणि आमच्याशी इकडचं तिकडचं बोलत मुलीकडं बघत राहिल्या. मुलगी बराच वेळ एका गाडीचं चाक फिरवत होती. मग मॅडमनी साबणाच्या पाण्याचे फुगे उडवले आणि बाटलीचं झाकण लावून बाटली समोर ठेवली. मुलगी उठली. मॅडमचं मनगट धरलं आणि त्यांचा हात बाटलीवर ठेवला.

मला राहवलं नाही. "बघा मॅडम, हे तिला बरोबर जमतं. बोलत नसली तरी सांगते ती."

बायकोनं खाली बघितलं. मॅडम मला रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "माझा हात धरताना तिनं माझ्याकडं बघितलं का?"

मी मुलीकडं बघितलं; ती बाटलीकडंच बघत होती.

"तुमचा हात धरते तेव्हा तुमच्याकडं बघते का? तोंडाकडं?"

टॉवेलखाली बोटं काय बोलतात हे कुणालाही महिन्याभरात शिकवता येतं. त्यात काही मोठं नाही. मोठं काम वर चालतं. हात झाकलेले असतात म्हणून डोळे समोरच्याच्या तोंडावर असतात. कोणत्या बोटाला त्याची पापणी हलली, कोणत्या बोटाला त्यानं थुंकी गिळली, हे बघायचं असतं. आबांनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, की हाताकडं बघशील तर उपाशी मरशील, तोंडाकडं बघ. सौद्यात दोन माणसं एकमेकांच्या तोंडाकडं जेवढी बघतात तेवढी नवराबायकोही बघत नसतील.

आणि माझ्या मुलीनं चार वर्षं माझा हात धरला होता. रोज, दिवसातून कितीतरी वेळा. मी आठवायला लागलो. ओसरीवर, फळीपाशी, बाजारात, हौदापाशी. एकदाही तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलेलं मला आठवेना. ज्याचा धंदाच माणसांची तोंडं वाचण्याचा, त्याला आपल्या लेकीचं तोंड आपल्याकडं वळत नाही हे दिसलं नव्हतं. कारण मी तिच्याकडं बघतच नव्हतो. कोण कौतुक करतंय, कोण हसतंय, ते मी भोवतीच्या माणसांकडं बघत होतो.

"नाही," मी म्हणालो.

मॅडमनी मान हलवली. मग त्यांनी बायकोला प्रश्न विचारले, पुष्कळ, सावकाश. तेच प्रश्न होते. बायकोनं सगळी उत्तरं दिली. तिला सगळं पाठ होतं. कोणत्या महिन्यात काय व्हायला हवं होतं आणि काय झालं नाही, हे ती न अडखळता सांगत होती. इतकी वर्षं ती हे मनात धरून बसली होती आणि ऐकणारं माणूस तिला आज मिळालं होतं.

शेवटी मॅडमनी विचारलं, "याआधी कुणाला दाखवलं होतं?"

बायको माझ्याकडं वळली आणि थांबली.

"मलकापूरला दाखवलं होतं," मी म्हणालो. "ते म्हणाले..." आणि पुढं नेहमीचं वाक्य तोंडात आलं होतं. ते मी मागं घेतलं. "ते काही चुकीचं म्हणाले नाहीत. मी त्यांना खोटं सांगितलं. ही खरं सांगत होती, तर हिचा हात दाबून हिला गप्प केलं."

खोलीत चाकाचा आवाज येत होता. मॅडम म्हणाल्या, पुष्कळ घरांत असं होतं. मला ते ऐकून बरं वाटलं नाही, आणि वाटू नये असंच मला वाटतं. मी विचारलं, तेव्हाच आलो असतो तर? त्या म्हणाल्या, "तेव्हा आला असता तर तेव्हा सुरू केलं असतं. आता आलात, आता सुरू करू." खोटा धीर त्यांनी दिला नाही.

बायको मुलीला घेऊन घरी परत आली. का आली हे मी विचारलेलं नाही. आबांनी बरेच दिवस मानलं नाही. सांगलीच्या डॉक्टरला काय कळतंय, म्हणाले. मग एकदा गोठ्यात वैरण टाकताना एकदम विचारलं, "त्यो टॉवेलचा खेळ केला म्हणून तर न्हाई न्हवं झालं हे?"

"न्हाई आबा. खेळानं झालं न्हाई. खेळामुळं आपल्याला दिसलं न्हाई."

ते बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. आता ते तिच्याशी तो खेळ खेळत नाहीत. पण तिची बोटं दाबतात, कारण तिला ते आवडतं आणि मॅडमनी त्याला ना म्हटलेलं नाही. फक्त आता मधे टॉवेल नसतो.

आठवड्यातून दोनदा आम्ही तिला सांगलीला नेतो. तिनं डोळ्यांत बघावं असा हट्ट धरायचा नाही, असं आम्हाला सांगितलं आहे. माझं मनगट धरून ती ओढते तेव्हा मी लगेच उठत नाही. थांबतो. तिचं बोट हातात घेऊन वस्तूच्या दिशेनं करतो आणि वस्तूचं नाव घेतो. आता कधी कधी ती आपणहून बोट करते. पाणी म्हणते, दार म्हणते, घुंगरू म्हणते. चित्रांची कार्डं आहेत, ती दाखवून काय हवं ते सांगते. पुढं काय होईल, तिला किती बोलता येईल, मला माहीत नाही. आधी सुरू झालं असतं तर किती फरक पडला असता, हेही कुणी मापून सांगू शकत नाही. ते मापता येत नाही, म्हणूनच माझी त्यातून सुटका नाही.

बाजारात मी आता सांगतो. कुणी विचारलं, पोरगी आली न्हाई, तर सांगतो तिला ऑटिझम आहे, गर्दी सोसत नाही. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एक जुना हेडी मला बाजूला घेऊन म्हणाला, "असं बोलत जाऊ नगंस गड्या. उद्या लगीन करायचंय पोरीचं." तो माझ्या भल्यासाठीच सांगत होता. दोन वर्षांपूर्वी मीही दुसऱ्याला हेच सांगितलं असतं. दुसरा एक जण चहा पिता पिता म्हणाला, "म्हंजे काय करत्यात ती पोरं?" मी सांगितलं. हाताचं सांगितलं, नावाचं सांगितलं. त्यानं ऐकलं, कपातला चहा तसाच ठेवला आणि उठून गेला. त्याच्या घरी लहान नातू आहे. पुढच्या बाजारी तो माझ्याशी बोलला नाही. नंतर मी त्याच्या शेजारच्या गावच्या माणसाकडं, नातवाला कुठं दाखवलं का, अशी चौकशी केली, त्यालाही काही माहीत नव्हतं.

परवा मॅडमकडं पुन्हा तपासणीला गेलो होतो. दर काही महिन्यांनी ते सगळे प्रश्न परत विचारतात. मी शेजारी बसतो आणि बायको उत्तरं देते, तशीच आमची रीत पडली आहे. या वेळी मॅडमनी विचारलं, "नावानं हाक मारली तर बघते का?" आणि बायको म्हणाली, "यांना विचारा. आता जास्त वेळ हेच असतात तिच्याबरोबर."

मी म्हणालो, "कधी बघते. जास्त वेळा नाही."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मी बायकोकडं बघितलं. ती मुलीकडं बघत होती. डॉक्टरांच्या कुठल्याही खोलीत बसली की ती आपले दोन्ही हात पुढच्या टेबलावर ठेवते, उघडे, पदराच्या बाहेर. मलकापूरनंतर तिनं एकदाही ते खाली घेतलेले नाहीत. त्या दिवशीही ते टेबलावरच होते.